रात्री दोन वाजता सुरू होणारी गाडी

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादकांच्या मनात लसीकरण किंवा बालआहार असा एखादा विषय असावा. परंतु गेल्या वर्षभरात आपल्यातील अनेक तरुण डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : "सर, रोजच्या वापरासाठी छोटी सेदान कोणती घ्यावी?" मी मोटारतज्ज्ञ नाही. मात्र सुरतेत बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करताना पंचवीस वर्षे स्वतःच गाडी चालवीत आलो आहे, आणि एका रात्रीने मला या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहावयास शिकविले.

पावसाळ्याचे दिवस होते. रात्री दोनच्या सुमारास लिंबायतच्या एका प्रसूतिगृहातून फोन आला. बाळाचे ठोके मंदावत होते, सिझेरियनची तयारी सुरू होती. अडाजणच्या घरून मी धावतच खाली आलो आणि चावी फिरविली. गाडीने नुसता टकटक आवाज केला आणि ती गप्प झाली. बॅटरी आठवडाभर कुरकुरत होती. पण त्या गाडीचे सर्व्हिस सेंटर शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि एकदा दिलेली गाडी दोन-तीन दिवस परत मिळत नसे. म्हणून मी "पुढच्या रविवारी पाहू" असे म्हणत राहिलो होतो. रिक्षा शोधून पोहोचायला वीस मिनिटे उशीर झाला. बाळ जन्मतः रडले नव्हते. अशा बाळाला पहिल्या मिनिटातच श्वास द्यावा लागतो. आम्ही त्याला 'सुवर्ण मिनिट' म्हणतो. तेथील सिस्टरने वेळ न दवडता बॅग-मास्क लावला होता. बाळ वाचले. सिस्टरचे हात तयार होते, माझी गाडी तयार नव्हती.

तेव्हापासून 'भरवशाची गाडी' या शब्दांचा माझ्यापुरता एकच अर्थ आहे : जी अवेळी सुरू होते, आणि बिघडलीच तर लवकर दुरुस्त होते.

चार मीटरचे गणित

या जातीची गाडी आपल्या देशात करप्रणालीतून जन्माला आली. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, पेट्रोलवर १२०० सीसी व डिझेलवर १५०० सीसीपर्यंतचे इंजिन असलेल्या गाड्यांवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. मग कंपन्यांनी सेदानची डिकी आखूड करून ती या मर्यादेत बसविली. २००८ मध्ये टाटा इंडिगो सीएस आली, २०१२ मध्ये मारुतीने डिझायरची लांबी ३९९५ मिलिमीटरवर आणली आणि २०१३ मध्ये होंडा अमेझ आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गटावरील जीएसटी १८ टक्के झाला. आपल्याला याचा दुसरा लाभ असा की, नानपुरा-गोपीपुऱ्याच्या गल्लीत वळण घेताना किंवा इस्पितळाच्या चिंचोळ्या आवारात गाडी लावताना ही लांबी पुरते.

आधी रुग्णाचा इतिहास

रुग्ण न पाहता आपण औषध लिहीत नाही. तसेच गाडीचे नाव घेण्यापूर्वी आपला दिनक्रम पाहावा. आपल्यापैकी बहुतेकांचे रोजचे अंतर फार नसते. पण थांबे अनेक. दवाखाना, दोन-तीन इस्पितळे, मुलांची शाळा. त्यात मेट्रोच्या कामामुळे गेली काही वर्षे वळसे वाढले. वर्षातून तीन-चारदा मात्र हीच गाडी बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूरमार्गे कोंडाईबारीचा घाट चढून सामानासह धुळे-जळगावला जाते. म्हणजे शहरात हलकी आणि घाटात दमदार अशी दुहेरी अपेक्षा आहे.

सुरतेत सीएनजी सहज मिळतो आणि खर्च वाचतो. पण त्याची टाकी डिकीतील बरीच जागा घेते, आणि तिची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. दिवाळीला गावी जाणाऱ्या कुटुंबाने हे आधी ध्यानात घ्यावे. टाटाने टिगोरमध्ये २०२३ पासून एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या तळाशी बसवून थोडी जागा वाचविली आहे.

गियर स्वयंचलित हवा असल्यास दोन प्रकार समजून घ्यावेत. एएमटीमध्ये नेहमीचाच गियरबॉक्स असतो, फक्त क्लच व गियरचे काम यंत्र करते. ती स्वस्त असते, पण गियर बदलताना किंचित हिसका जाणवतो. सीव्हीटीमध्ये पट्टा आणि कप्प्या यांच्या साह्याने वेग सलग वाढतो. ती मऊ चालते, पण महाग पडते. पन्नाशीतल्या डाव्या गुडघ्याला दोन्ही उपकारकच.

पाणी

ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर आपण विसरलेलो नाही. अलीकडेही खाडीचे पाणी वस्त्यांत शिरतेच. सेदान जमिनीलगत असते. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. इंजिनात पाणी ओढले गेल्यास आतले भाग वाकतात. हे नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते.

मुलांसाठी

येथे मी माझ्या विषयावर येतो. माझ्या दवाखान्यात येणारी कितीतरी बाळे पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर बसून येतात. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मान नाजूक असते. जोराचा ब्रेक लागला तर कोणत्याही आईचे हात त्याला धरू शकत नाहीत, आणि समोरची एअरबॅग उघडली तर तीच घातक ठरते. म्हणून बाळ मागच्या आसनावर, मागे तोंड करून बसविण्याच्या खास आसनात हवे. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यानेही चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा किंवा असे आसन बंधनकारक केले असून दंड १००० रुपये आहे. गाडी घेताना आयसोफिक्सचे आकडे आहेत का, आणि मागे मधल्या प्रवाशालाही तीन टोकांचा पट्टा आहे का, हे स्वतः पाहावे. सुरक्षा चाचणीत प्रौढांचे व मुलांचे गुण वेगळे असतात. २०२४ मध्ये नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅपमध्ये प्रौढांसाठी पाच आणि मुलांसाठी चार तारे मिळाले. दुसरा आकडा विचारणारा ग्राहक मला फारसा भेटलेला नाही.

निदान

एकच नाव सर्वांना लिहून देता येत नाही. इंधनबचत आणि गावोगावी मिळणारी सर्व्हिस हवी त्याने डिझायरचा विचार करावा. चार सिलिंडरचे शांत इंजिन आणि सीव्हीटी हवी त्याने अमेझचा. चार सिलिंडरसह कंपनीचा सीएनजी हवा असल्यास ह्युंदाईची ऑरा, आणि सीएनजीसह डिकीही हवी असल्यास टिगोर पाहावी. चाचणीची फेरी शोरूमभोवती नव्हे, तर आपल्या नेहमीच्या रस्त्यावर, मागे कुटुंबाला बसवून घ्यावी. सर्व्हिस सेंटर आपल्या येण्याजाण्याच्या वाटेवर आहे का, हे किमतीच्या आधी विचारावे.

आणि गाडी कोणतीही असो, बॅटरी तीन वर्षांची झाली की तपासून घ्यावी. त्या रात्रीचे बाळ आता महाविद्यालयात जाते. त्याला काही ठाऊक नाही. पण मी आजही दर पावसाळ्याआधी बॅटरी तपासूनच घेतो.