तीस वर्षे जगणारा उंदीर आणि कर्करोग

घरातला उंदीर फार तर दोन-तीन वर्षे जगतो. पण त्याच्याच मोठ्या कुळातला एक प्राणी ३० वर्षांहून अधिक जगतो आणि त्याला कर्करोग क्वचितच होतो, असे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. पण हे खरे आहे.

या प्राण्याचे नाव नेकेड मोल रॅट. केनिया, इथिओपिया व सोमालिया या पूर्व आफ्रिकेतील देशांत तो जमिनीखालच्या बिळांत टोळीने राहतो. अंगावर केस जवळजवळ नाहीत, कातडी सुरकुतलेली, दात पुढे आलेले. दिसायला कुरूप, पण शास्त्रज्ञांचा मोठा लाडका!

आपल्या प्रत्येक पेशीत हजारो जनुके म्हणजे जीन्स असतात. घरातले सगळे दिवे आपण एकाच वेळी लावत नाही. तसेच कोणते जनुक केव्हा आणि किती चालू ठेवायचे, हे पेशी ठरवते. या उंदराचे बरेचसे रहस्य या बटणांत आहे.

विषारी द्रव्यांचा ताण पडला की पेशीतील एनआरएफ-२ हे प्रथिन सफाईची जनुके चालू करते. एरवी कीप-१ हे दुसरे प्रथिन त्याला आवरून धरते. या प्राण्यात कीप-१ कमी असल्याने सफाई खाते सदैव सज्ज असते, असे २०१५ च्या संशोधनात दिसले.

दुसरे रहस्य हायल्युरोनन या चिकट पदार्थाचे. तो आपल्या सांध्यांतही असतो. पण या प्राण्यातील त्याची साखळी पाचपटीहून लांब असते, असे अमेरिकेतील रोचेस्टर विद्यापीठाच्या वेरा गोर्बुनोवा व आंद्रेई सेलुआनोव्ह यांनी २०१३ मध्ये दाखवले. पेशींची गर्दी होऊ लागताच या पदार्थामुळे पी-१६ सारखी 'ब्रेक' लावणारी जनुके जागी होतात आणि पेशींची वाढ थांबते. २०२३ मध्ये हा पदार्थ बनवणारे जनुक साध्या उंदरांत घातले, तेव्हा त्यांच्यात कर्करोग कमी झाला. आयुष्य मात्र सुमारे ४.४ टक्केच वाढले.

म्हणजे हा काही अमरपट्टा नव्हे. २०१६ साली प्राणिसंग्रहालयातील अशा दोन प्राण्यांतही कर्करोग आढळला. हायल्युरोननचे क्रीम लावून किंवा गोळी घेऊन कर्करोग टळतो, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नका.

मग आपण काय करावे? पी-१६ चा ब्रेक आपल्याही पेशींत आहे. तंबाखू व गुटख्यातील विषारी द्रव्ये जनुकांना इजा करतात. तोंडाच्या कर्करोगात हा ब्रेक अनेकदा निकामी झालेला आढळतो. तेव्हा निसर्गाने दिलेला ब्रेक आपल्याच हाताने तोडू नये. तोंडातील जखम किंवा पांढरा चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर दुखत नसला तरी डॉक्टरांना जरूर दाखवावा. वेळीच सापडलेला कर्करोग बरा होऊ शकतो.