दोन थेंबांची जगप्रवासाची गोष्ट

तुम्ही अगदी लहान होतात, तेव्हा एखाद्या रविवारी तुम्हाला कडेवर घेऊन कुणीतरी पोलिओच्या बूथवर नेलं असेल. तिथल्या ताईंनी तोंडात दोन थेंब सोडले, डाव्या करंगळीला शाई लावली आणि झालं काम! सुई नाही, काही नाही. तुम्हाला ते आठवणारही नाही. पण हे थेंब तयार झाले ते एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेल्या दोन देशांनी हात मिळवले म्हणून. खोटं वाटतं ना? ऐका तर मग.

आधी पोलिओच्या विषाणूची लबाडी बघू. तो घाणेरड्या पाण्यातून, न धुतलेल्या हातांवरून तोंडात शिरतो आणि आतड्यात मुक्काम ठोकतो. गंमत अशी, की बहुतेकांना काहीच होत नाही. साधारण 200 जणांना लागण झाली, तर त्यातल्या एखाद्याचाच पाय किंवा हात कायमचा लुळा पडतो. बाकीचे खेळतात, शाळेत जातात, आगगाडीत आणि विमानात बसतात. विषाणूही त्यांच्याबरोबर फिरतो. सीमेवरचा शिपाई पासपोर्ट तपासेल, पिशवी तपासेल. पण धडधाकट दिसणाऱ्या मुलाच्या पोटात काय दडलंय, ते त्याला कसं कळणार? म्हणून एकट्या देशाने कितीही जोर लावला, तरी पोलिओ पुन्हा शेजारून येऊ शकतो.

1955 साली अमेरिकेत जोनास सॉल्क यांची लस आली. तिच्यात मारलेले विषाणू असत आणि ती टोचावी लागे. आल्बर्ट सेबिन या दुसऱ्या शास्त्रज्ञांचा विचार वेगळा होता. विषाणू तोंडातून आतड्यात जातो ना, मग लसही त्याच वाटेने जाऊ दे! त्यांनी जिवंत विषाणू घेतले, पण अगदी दुबळे करून. हे दुबळे विषाणू आतड्यात वाढतात, शरीर त्यांना ओळखायला शिकतं आणि उद्या खरा विषाणू आला तर तिथेच त्याचा बंदोबस्त होतो.

पण ही लस लाखो मुलांना देऊन पाहायला हवी होती आणि अमेरिकेतल्या बहुतेक मुलांनी सॉल्क यांची लस आधीच घेतलेली! आता इतकी मुलं आणायची कुठून?

तेव्हा सोव्हिएत संघात, म्हणजे आजचा रशिया आणि आसपासचे काही देश मिळून बनलेल्या देशात, पोलिओ वाढत होता. 1956 मध्ये तिथले तीन शास्त्रज्ञ अमेरिकेत आले: मिखाईल चुमाकोव्ह, त्यांच्या पत्नी मरीना व्होरोशिलोव्हा आणि अनातोली स्मोरोदिन्त्सेव्ह. या चुमाकोव्हांबद्दल मला फार आदर वाटतो. तरुणपणी गोचिडांमुळे पसरणाऱ्या मेंदूज्वराचा शोध घेताना त्यांनाच तो रोग झाला. उजवा हात लुळा पडला, ऐकूही कमी येऊ लागलं. तरी त्यांनी विषाणूंचा पिच्छा सोडला नाही.

त्या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांकडे सतत संशयाने बघत. शास्त्रज्ञांनी साधी भेट घ्यायची, तरी सरकारची परवानगी लागायची. पण या कामासाठी दोन्ही सरकारांनी दार किलकिलं केलं. सेबिनही तिकडे जाऊन आले आणि त्यांनी आपले दुबळे विषाणू सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या हवाली केले.

आता तिथे लस पहिल्यांदा द्यायची कुणाला? चुमाकोव्ह आणि व्होरोशिलोव्हा यांनी ती आधी आपल्याच मुलांना दिली! मग 1959 मध्ये मोठी मोहीम सुरू झाली. कुठे थेंब, तर कुठे चक्क खाऊच्या गोळ्या. हो, लस घातलेल्या गोड गोळ्या! 1960 संपेपर्यंत विशीच्या आतल्या जवळजवळ 7 कोटी 70 लाख जणांनी ही लस घेतली होती.

अमेरिकेत मात्र कुजबुज सुरू झाली. सोव्हिएत लोकांचे आकडे खरे कशावरून? मग जागतिक आरोग्य संघटनेने येल विद्यापीठाच्या डॉक्टर डोरोथी हॉर्स्टमन यांना तिकडे पाठवलं. त्या अमेरिकन होत्या आणि पोलिओच्या मोठ्या जाणकार. त्यांनी तिथलं काम स्वतः पाहिलं आणि काम उत्तम झालंय, लस सुरक्षित आहे, असा अहवाल दिला. समोरच्या देशाने चांगलं केलं, तर तसं स्पष्ट लिहायलाही धीर लागतो! पुढे 1961 पासून अमेरिकेतही या लसीला मान्यता मिळत गेली. सेबिन यांनी तिचं पेटंट घेतलंच नाही. त्यामुळे ती स्वस्तात जगभर पोचली.

आपल्या देशात पल्स पोलिओ मोहीम 1995 मध्ये सुरू झाली. निसर्गातल्या पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला. आणि 27 मार्च 2014 रोजी पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, ते एकट्या भारताला नाही, तर आग्नेय आशिया विभागातल्या 11 देशांना मिळून! एका देशात जरी विषाणू उरला असता, तरी सगळ्यांचंच प्रमाणपत्र अडलं असतं.

मग आता डोस कशाला, असं विचाराल. कारण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो विषाणू अजून आहे. म्हणून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत शहराच्या सांडपाण्याचे नमुने तपासतात. हो, गटाराचं पाणी! कुणी आजारी पडायच्या आधीच विषाणूचा माग तिथे लागू शकतो.

पाकिस्तान आणि अफगाणिस्तानचं आपसात अनेकदा बिनसतं. पण पोलिओच्या मोहिमांच्या तारखा ते जमेल तेव्हा एकमेकांशी जुळवून घेतात, म्हणजे सीमा ओलांडणारं मूल दोन्हीकडून निसटायला नको. आणि दोघांमधल्या तोरखमच्या नाक्यावर लस देणारी पथकं उभी असतात. तिथे थेंब फक्त बाळांनाच नाही, तर मोठ्या माणसांनाही देतात.