गावाची एक चूल



ऐन उन्हाळ्यात तुम्हांला उबेविषयी ऐकायला बसविणे हा थोडा छळच आहे. परंतु थंड मुलखात ऊब ही चैन नव्हे, भाकरीइतकीच गरज आहे; आणि गरजेची वस्तू कोणाच्या हाती असावी हा प्रश्न आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांचा नित्याचाच आहे.

डेन्मार्कमध्ये घरोघर शेगडी पेटविण्याऐवजी गावात एके ठिकाणी पाणी तापवितात, जमिनीखालच्या नळांतून ते घराघरांत फिरवितात आणि निवलेले पाणी पुन्हा तापवावयास आणतात. आपल्या साखर कारखान्यात चिपाडे जाळून केलेल्या वाफेवर आधी वीज निघते, मग तीच वाफ रस आटविते. तिकडेही तोच हिशेब. कोळशाच्या वीजकेंद्रात निम्म्याहून अधिक उष्णता फुकट जाते. ती नळांत घातली की एका कोळशात दोन कामे होतात.

१९०३ साली फ्रेडरिक्सबेर्ग येथे कचरा जाळून रुग्णालयाला ऊब पुरविली गेली, तेथून या प्रकाराचा आरंभ झाला. खरी वाढ मात्र संकटाने घडविली. १९७३ साली तेल भडकले तेव्हा देशाची ९० टक्क्यांहून अधिक ऊर्जा परदेशी तेलावर अवलंबून होती. रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या. १९७९ च्या कायद्याने उष्णतेच्या पुरवठ्याचे नियोजन नगरपालिकांकडे आले. आज सुमारे दोनतृतीयांश घरे या नळांना जोडलेली आहेत.

आता नळ एक म्हणजे विकणाराही एक! गिऱ्हाइकाने जावे कोठे? म्हणून किंमत खर्चापुरतीच घ्यावी, नफा काढू नये, असे तत्त्व कायद्यात घातले गेले. पुष्कळ ठिकाणी नळांची मालकी नगरपालिकेची किंवा ग्राहकांच्या सहकारी संस्थेची असते.

या सामाईकपणाचा मोठा लाभ आता दिसतो आहे. कोळसा सोडावयाचा तर हजारो घरांत तोडफोड नको. एक चूल बदलली की पुरे. एस्बियर्ग बंदरातले कोळशाचे केंद्र २०२४ साली बंद झाले. तेथे समुद्राच्या गार पाण्यातली उष्णता ओढून घेणारे पंप बसविले आहेत. आपला फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो, तसलेच हे यंत्र; ते विजेवर चालते आणि सुमारे २५ हजार घरांना पुरते. नळांतले पाणी जितके कमी तापवावे लागेल, तितके हे काम स्वस्त पडते.

तरी सगळे साधले असे समजू नका. पुष्कळशी ऊब अजून लाकूड जाळूनच येते, आणि त्यातले काही लाकूड परदेशांतून आणलेले असते. झाड तोडावयास एक दिवस लागतो, वाढावयास कित्येक वर्षे.

आणखी एक गोष्ट. जुन्या बॉयलरपाशी राबणाऱ्या माणसाला नवे काम कोणते, शिक्षण कोण देणार, पगार किती, हे बॉयलर विझण्याची तारीख ठरण्याआधी कागदावर यावयास हवे. खर्चापुरती किंमत घ्यावयाची, तर त्या खर्चात हाही धरला पाहिजे.