गोड्या पाण्याचें शास्त्र व आपले विद्यार्थी

शास्त्रीय संशोधन म्हटलें म्हणजे मोठी प्रयोगशाळा, मोलाचीं यंत्रें आणि परदेशच्या पदव्या आपल्या डोळ्यांपुढें येतात. परंतु आपल्याकडील नद्यांचा अभ्यास कसा होत गेला हें पाहिलें असतां, त्याचा आरंभ कांठावर उभें राहून लक्षपूर्वक पाहण्यानें झाला असें दिसून येतें.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें दख्खनमधील माशांचा अभ्यास करून १८३९ सालीं कित्येक नव्या जातींचीं वर्णनें प्रसिद्ध केलीं. त्यांतील एका महाशीर मत्स्याचा नमुना पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेंत मिळालेला होता. त्याचें शास्त्रीय नांव 'टॉर खुद्री'. 'खुद्री' हा शब्द लॅटिन नव्हे. तो येथील लोकांच्या तोंडचा आहे. मासे धरणाऱ्या निरक्षर माणसाचें ज्ञान अशा रीतीनें जगाच्या ग्रंथांत जाऊन बसलें.

दुसरें उदाहरण कै. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचें. १८८४ सालीं मालवण येथें जन्मलेल्या या अभ्यासकाला तरुणपणीं सह्याद्रींत हिंडत असतां गोड्या पाण्यांत राहणारा, छत्रीच्या आकाराचा एक चिमुकला पारदर्शक जीव आढळला. त्याचे भाईबंद तोंवर केवळ आफ्रिकेंत ठाऊक होते. ही हकीकत १९१२ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत आली. कलकत्त्याच्या म्युझियममधील डॉ. अ‍ॅनन्डेल यांनीं त्या जीवाचें शास्त्रीय वर्णन केलें. तरुणाची दृष्टि व जाणत्याचें साहाय्य यांचा असा मेळ पडला, म्हणूनच हा शोध जगापुढें आला. पुढें १९४६ सालीं पुण्यांत स्थापन झालेल्या विज्ञानसंस्थेचे आघारकर हे पहिले संचालक झाले. आज तेथील संशोधनसंस्था त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

आतां विद्यार्थ्यांनीं पाहावयाचें तें काय? २५ अंश सेंटिग्रेड उष्णतेच्या एक लिटर स्वच्छ पाण्यांत सुमारें ८ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळलेला असतो. त्यांत सांडपाणी मिसळलें म्हणजे मळ कुजवितांना सूक्ष्म जंतु तो प्राणवायु संपवितात, आणि मासे गुदमरतात. प्रवाहांतील दगड उचलून पाहिल्यासही पाण्याची परीक्षा होते. कित्येक किड्यांचीं पिल्लें केवळ निर्मळ पाण्यांतच तग धरतात. गढूळ, कुजक्या पाण्यांत बहुधा लाल अळ्याच उरतात.

यासाठीं भिंग, लहान जाळें, उष्णतामापक व वही एवढीं साधनें पुरेशीं आहेत. मात्र एका दिवसाच्या नोंदीनें कांहीं सिद्ध होत नाहीं. त्याच जागीं, दरमहा, वर्षानुवर्षें घेतलेली नोंदच बोलूं लागते. २००३ सालीं पुण्याच्या अभ्यासकांनीं जिल्ह्यांतील मत्स्यजातींत दीर्घ काळांत पडलेला फरक 'करंट सायन्स' मध्यें मांडला. पूर्वींच्यांनीं लिहून ठेविलें नसतें, तर आपण काय गमाविलें हें कळावयास मार्गच उरला नसता.

पालकांस विनंती इतकीच कीं, मुलगा अथवा मुलगी शिक्षकांसमवेत नदीवर जावयास निघाली असतां तो वेळ फुकट गेला असें समजूं नये. पाण्यांत एकट्यानें उतरूं नये, घरीं येतांच हात स्वच्छ धुवावे, हे नियम अवश्य पाळावे. पण वही बंद करावयास लावूं नये. आज मुलांनीं टिपलेलें पान पन्नास वर्षांनीं कोणा अभ्यासकास मुठेची खरी साक्ष म्हणून उपयोगीं पडेल.