रोखलेला पैसा बुडालेला नसतो

पाटोदा तालुक्यात बांधकामाच्या पैशाची चर्चा बहुतेक वेळा एकाच वाक्यावर येऊन थांबते : "पैसा वरून आलाय, पण अडवून ठेवलाय." विषय घरकुलाचा हप्ता असो, वस्तीच्या रस्त्याचे बिल असो की नगरपंचायतीच्या नालीचे काम असो. अडवला कुणी, कोणत्या नियमाने आणि किती दिवसांसाठी, हे मात्र कुणी सांगत नाही. मग नियमाने रोखलेला पैसा, निधीअभावी थकलेला पैसा आणि खरोखरच खाल्लेला पैसा हे तिन्ही एकाच पोत्यात भरले जातात. यात नुकसान गावाचे होते. नियमाने रोखलेली रक्कम हा निकृष्ट कामाविरुद्ध गावाच्या बाजूने उभा असलेला सगळ्यात भक्कम आधार असतो, आणि त्याची मुदत कधी संपून गेली हे गावाला कळतही नाही.

"सरकारने कर्ज काढले, रोखे विकले, पैसा जमा झाला, मग काम का अडले?"

कर्ज किंवा रोख्यांतून उभा राहिलेला पैसा हवा तसा, हवा तेव्हा वापरता येत नाही. महाराष्ट्रातले ठळक उदाहरण पुण्याचे. जून २०१७ मध्ये पुणे महापालिकेने समान पाणीपुरवठा योजनेसाठी ७.५९ टक्के व्याजाचे २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले. त्याच वर्षी योजनेच्या निविदा रद्द कराव्या लागल्या, आणि पैसा कामावर जाण्याऐवजी बँकेत ठेव म्हणून पडून राहिला. विरोधकांनी टीकेची झोड उठवली. पैसा दुसऱ्या एखाद्या कामावर का वळवला नाही, असेही कुणी विचारील. वळवता येत नव्हता. महापालिकांच्या कर्जरोख्यांसाठी सेबीने २०१५ मध्ये केलेल्या नियमांचे सूत्रच असे आहे की ज्या प्रकल्पासाठी पैसा उभा केला त्याच प्रकल्पावर तो खर्च व्हावा आणि त्याचा हिशेब वेगळा राहावा.

म्हणजे रोखून ठेवणे चूक नव्हते. चूक होती ती घाई. २०० कोटींवर ७.५९ टक्के म्हणजे वर्षाला १५ कोटी १८ लाख रुपये व्याज. ठेवीवर मिळणारे व्याज आणि केंद्राकडून मिळणारे प्रोत्साहन अनुदान यांनी तो भार हलका होतो, पण निविदा पक्की होण्याआधी कर्ज उचलले की रोज व्याज चढते, हे खरेच.

पाटोद्यासारख्या नगरपंचायतीला स्वतःचे रोखे काढणे आवाक्यातले नाही. तरी कर्जाचा पैसा इथेही पोचतो, फक्त दुसऱ्या वाटेने. "नाबार्डमधून मंजूर" असे आपण ज्या रस्त्यापुलांबद्दल ऐकतो, त्यांचा पैसा १९९५-९६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधीतून, म्हणजे राज्याने नाबार्डकडून घेतलेल्या कर्जातून येतो. मंजुरी मिळाली म्हणजे पूर्ण रक्कम तालुक्यात येऊन पडली, असा समज पक्का आहे. प्रत्यक्षात सुरुवातीला साधारण २० टक्के आगाऊ मिळतात. पुढचा खर्च राज्याने आधी करायचा, हिशेब पाठवायचा, मग ती रक्कम परत मिळते. काम पुढे सरकल्याशिवाय पैसा सुटत नाही, ही अट वरपासूनच आहे.

"हप्ता थांबला म्हणजे घरकुल गेले."

या गैरसमजाने जितकी माणसे घाबरवली आहेत तितकी दुसऱ्या कशाने नसतील.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात सपाट प्रदेशातल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात, केंद्र आणि राज्य मिळून ६० : ४० या प्रमाणात. शौचालयाचे १२ हजार आणि रोजगार हमीच्या मजुरीचे पैसे वेगळे. इथेही कर्जरोख्यांचा धागा आहे : योजनेच्या पहिल्या टप्प्यात अर्थसंकल्पातला पैसा पुरणार नाही म्हणून केंद्राने नाबार्डमार्फत २१,९७५ कोटी रुपये कर्जाऊ उभारायला मंजुरी दिली होती. अशा पैशाचा हिशेब घरागणिक द्यावा लागतो. म्हणून रक्कम एकदम मिळत नाही. मंजुरीनंतर पहिला हप्ता, मग जोते, भिंती, छत अशा टप्प्यांनुसार पुढचे हप्ते. प्रत्येक टप्प्याचा फोटो जागेवर जाऊन, ठिकाणाच्या नोंदीसह काढला जातो आणि तो प्रणालीत चढला की हप्ता थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो.

आता हा नियम आपल्या तालुक्याच्या वर्षाशी ताडून बघा. दसरा-दिवाळी झाली की हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळा लागताना परततात. जोते पूर्ण आहे, पण घरी कुणी नाही, भिंत चढलेली नाही. मग फोटो कशाचा काढणार? हप्ता थांबतो. तो कुणी खाल्लेला नसतो आणि घरकुलही रद्द झालेले नसते. पुढचा टप्पा दिसत नाही म्हणून तो सुटलेला नसतो. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे आधार, बँक खाते आणि मंजुरी यादी यांतल्या नावांचा मेळ न बसणे. ही दोन्ही कारणे पंचायत समितीच्या घरकुल कक्षात विचारली तर कळतात. ऊसतोडीला जाण्याआधी झालेल्या बांधकामाचा फोटो काढला गेला की नाही, एवढे पाहून निघाले तरी परतल्यावर बरीच धावपळ वाचते.

माझे स्पष्ट मत आहे की ज्या तालुक्यातला निम्मा गाव हंगामात बाहेर असतो, तिथे टप्प्यांची मुदत हंगाम पाहून धरली पाहिजे. टप्प्याची अट रास्त आहे, पण वेळापत्रक उसाच्या फडाकडे पाठ फिरवून ठरवलेले आहे. "फोटो चढवायला" कुणी पैसे मागत असेल, तर मात्र ती सरळसरळ लाच आहे आणि तिची तक्रार लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर करता येते.

"ठेकेदाराच्या बिलातून जे कापतात ते साहेबांचे."

टक्केवारीचा व्यवहार कुठेच होत नाही, असे कुणी म्हणणार नाही. पण बिलाच्या कागदावर दिसणारी कपात वेगळी असते आणि तिचे प्रकारही वेगवेगळे असतात. आयकर उगमातच कापला जातो : व्यक्ती असेल तर १ टक्का, कंपनी किंवा भागीदारी असेल तर २ टक्के. अडीच लाखांवरच्या कंत्राटात जीएसटीचे २ टक्के. ही रक्कम ठेकेदाराच्या कर खात्यात जमा धरली जाते. बांधकाम कामगारांसाठीचा १ टक्का उपकर कल्याण मंडळाकडे जातो. तो मजुरांच्या नावाचा पैसा आहे, पण मंडळाकडे नोंदणी नसलेल्या मजुराला त्याचा लाभ मिळत नाही.

यातले काहीच "रोखलेले" नाही. खरी रोखलेली रक्कम ती सुरक्षा अनामत. निविदा भरताना दिलेला बयाणा काम न मिळालेल्यांना परत जातो. काम मिळालेल्याला कार्यपूर्तीची हमी द्यावी लागते. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ती कंत्राट किमतीच्या ३ ते ५ टक्के आहे. राज्यातल्या सार्वजनिक बांधकामाच्या कंत्राटांत अनामतीचा काही भाग सुरुवातीला आणि काही प्रत्येक रनिंग बिलातून कापून घेण्याची पद्धत आहे. दर खूपच कमी भरून काम घेतले असेल, तर वरून जादा अनामतही मागितली जाते. फार खाली गेलेला दर शेवटी खडी-डांबरातूनच भरून काढला जातो, हा अनुभव त्यामागे आहे.

थकलेले बिल ही निराळी गोष्ट. गेल्या काही वर्षांत राज्यभरच्या ठेकेदारांनी थकबाकीसाठी आंदोलने केली. काम झाले, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, तरी निधी नाही म्हणून बिल पडून राहते. याला कुठल्याही करारातल्या रोखून ठेवण्याच्या कलमाचा आधार नाही. ती शासनाची थकबाकी आहे, आणि तिला "नियमानुसार रोखले आहे" असे म्हणणे ही लोकांची दिशाभूल आहे.

तिची झळ खालपर्यंत पोचते. "माझे बिल निघाले नाही, तुझी मजुरी कुठून देऊ?" हे उत्तर मजुराला कायम ऐकावे लागते. कायदा ते मान्य करत नाही. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यापासून तत्त्व असे आहे की ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने, सरकारी कामात त्या खात्याने, ती द्यावी आणि ठेकेदाराच्या रकमेतून वसूल करावी. २०२० च्या कामगार संहितेतही हे तत्त्व आहे. मजुरांच्या संख्येची अट असल्याने छोट्या कामांवर ते लागू होत नाही, ही त्यातली मोठी उणीव.

"रस्ता उखडला, आता नवा निधी आणा."

नव्या निधीच्या मागणीआधी एक प्रश्न विचारायला हवा : दोष दायित्वाची मुदत, म्हणजे ठेकेदाराने दोष दुरुस्त करून द्यायचा काळ, संपली का? बालाघाटाच्या उतारावर, मांजरा जिथे उगम पावते त्या या भागात, एका जोरदार पावसाळ्यात रस्त्याच्या कडा वाहून जाणे नवे नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत तर रस्ता पूर्ण झाल्यावर पाच वर्षे देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. इतर कामांत ही मुदत करारात लिहिलेली असते. त्या काळात खड्डे बुजवणे, खचलेली बाजूपट्टी भरणे हे त्याने स्वखर्चाने किंवा करारातल्या देखभालीच्या रकमेत करायचे. नाही केले तर खाते अनामतीच्या पैशातून ते करून घेऊ शकते.

अडचण एवढीच की खात्याला आठवण द्यावी लागते. तोंडी गाऱ्हाणे फाइलवर येत नाही. ग्रामसभेचा ठराव किंवा तारखेसह लेखी अर्ज उपविभागीय अभियंत्याकडे मुदतीत पोचला, तर अनामत परत करताना "काम समाधानकारक" असा शेरा मारणे सोपे राहत नाही. मुदत संपून अनामत परत गेली, की तोच खड्डा नव्या अंदाजपत्रकात जातो आणि त्याच रस्त्याचे पैसे आपण दुसऱ्यांदा भरतो.

मुदत कळावी कशी? ग्रामसडकेच्या कडेला माहितीफलक असतो. त्यावर काम पूर्ण झाल्याचा दिनांक आणि देखभालीचा कालावधी पाहावा. फलक नसेल किंवा त्यावरचा रंग उडाला असेल तर माहिती अधिकाराचा १० रुपयांचा अर्ज पुरतो; दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला तेही शुल्क नाही. अर्जात मोघम "सर्व माहिती द्या" लिहू नये. मोजमाप पुस्तिकेची प्रत, जमा अनामतीची रक्कम, काम पूर्ण झाल्याचा दाखला, दोष दायित्वाची अखेरची तारीख आणि अनामत परत दिली असल्यास तो आदेश, एवढ्या पाच गोष्टी मागाव्यात. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. २००५ च्या या कायद्यातल्या कलम २(ञ) नुसार कामाची जागेवर पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचाही हक्क आहे, आणि अर्ज करणाऱ्याने ती माहिती कशासाठी हवी याचे कारण देण्याची गरज नसते.