सागवानी जहाजाची प्रतिकृती

बिलोलीहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. आपल्या भागातल्या पुष्कळ मुलांनी फार तर मांजरेच्या पात्रातली होडी पाहिलेली असते. तरीही जहाजाचे शब्द आपल्याला अनोळखी नाहीत. जहाज, बंदर, लंगर, खलाशी हे शब्द उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. अरबी आणि फारसी बोलणारे व्यापारी व नाखुदा आपल्या किनाऱ्यावर शतकानुशतके येत होते. त्यांच्याबरोबर असे शब्दही आले आणि इथलेच झाले.

शिडाच्या जुन्या जहाजाची हुबेहूब लहान प्रतिकृती कशी करतात, ते या पाठात पाहू. त्यासाठी खरेखुरे जहाज निवडू. त्याचे नाव 'त्रिंकोमाली'. नाव श्रीलंकेतल्या बंदराचे आणि निशाण इंग्रजांचे. पण हे जहाज बांधले गेले मुंबईत, हिंदी कारागिरांच्या हातून.

मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील पारशी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधत असत. या घराण्यातले लवजी नसरवानजी सुरतेहून मुंबईला आले होते. त्याच घराण्यातले जमशेटजी बमनजी वाडिया यांनी 1816 मध्ये 'त्रिंकोमाली'चे काम हाती घेतले. आरंभी त्यांनी पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला. 12 ऑक्टोबर 1817 रोजी जहाज पाण्यात उतरले. लाकूड होते मलबारचा साग. इंग्लंडमध्ये जहाजे ओक लाकडाची असत. ओकमध्ये एक आम्ल असते, त्याने लोखंडी खिळे गंजतात. सागाचे तसे नाही. सागात तेल असते, म्हणून तो लवकर कुजतही नाही. आपल्या जिल्ह्यात किनवटच्या जंगलात उभा असतो, तोच हा वृक्ष.

जहाज बांधायचे तर आधी नकाशे हवेत. या जहाजाचे नकाशे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या युद्धनौकेवरून पाठवले होते. डिसेंबर 1812 मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन' या नौकेने 'जावा'चा पराभव केला. नकाशे गेले! ते पुन्हा पाठवावे लागले. हाताशी उत्तम कारागीर होते, साग होता, गोदी होती. पण कागद नाही म्हणून काम अडले. प्रतिकृतीचेही असेच असते. आधी नकाशा, मग करवत.

नकाशात जहाज तीन बाजूंनी काढलेले असते : बाजूने, वरून आणि समोरून. यानंतर प्रमाण ठरवावे लागते. 'त्रिंकोमाली'च्या तोफांच्या डेकची लांबी सुमारे 46 मीटर आणि जहाजाची रुंदी सुमारे 12 मीटर आहे. आपण 1 : 100 हे प्रमाण घेऊ. म्हणजे डेक 46 सेंटिमीटर लांब आणि जहाज 12 सेंटिमीटर रुंद होईल. दीड मीटर उंचीचा मुलगा या जहाजावर दीड सेंटिमीटरचा दिसेल. दहा सेंटिमीटर जाडीचा दोर एक मिलिमीटरचा होईल. येथे सुतळी चालणार नाही, कारण त्या प्रमाणात ती झाडाच्या बुंध्यासारखी दिसेल. शिवणकामाचा दोरा घ्यावा आणि त्याला मेण लावावे, म्हणजे त्याची कुसे बसतात. प्रमाण एकदा ठरले की ते सर्वत्र पाळावे. एक तोफ जरी मोठी झाली, तरी सगळे जहाज खेळण्यासारखे दिसू लागते.

आता बांधणी. प्लायवूडचा एक लांब कणा कापावा. त्यात ठरावीक अंतरावर खाचा करून आडवे छेद बसवावेत. माशाच्या काट्यासारखा हा सांगाडा दिसतो. छेदांच्या कडा रंध्याने आणि कानशीने तिरप्या कराव्या लागतात, कारण जहाजाची बाजू टोकाकडे वळत जाते. मग लाकडाच्या पातळ पट्ट्या लावायच्या. दीड मिलिमीटर जाड पट्टी पुरे. सुताराकडे सागाचे टाकाऊ तुकडे मिळतात, त्यांतून त्या निघू शकतात. पट्टी गरम पाण्यात भिजवून हळूहळू वाकवावी. घाई केली तर ती कडकन मोडते. एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे लावावी. एकच बाजू आधी पूर्ण केली तर कणा त्या बाजूला ओढला जातो आणि जहाज कायमचे वाकडे होते. पुढच्या टोकाला जागा कमी असते, म्हणून तेथे पट्ट्या निमुळत्या करतात. सारे काम येथेच कठीण आहे. बाकी सर्व चिकाटीने होते.

डोलकाठ्या तीन आहेत. गोल काठी आयती आणू नये. चौकोनी पट्टीचे कोपरे रंधून आठ बाजू कराव्या, मग सोळा, शेवटी पॉलिश पेपरने गोल करावे. खऱ्या जहाजाच्या डोलकाठ्या अशाच रीतीने घडवीत. शिडांसाठी जाड कापड वापरू नये, कारण कापडाची वीण लहान होत नाही. म्हणूनच पुष्कळ कारागीर शिडे लावतच नाहीत. नुसत्या काठ्या आणि दोर ठेवतात. तेच अधिक शोभते, असे मला वाटते.

आता मुले हमखास विचारतात, "सर, हे पाण्यात तरंगेल का?" येथे गणिताची गंमत आहे. लांबी शंभरपट लहान झाली, तर शिडांचे क्षेत्रफळ दहा हजारपट लहान होते आणि वजन दहा लाखपट. खऱ्या जहाजाचे वजन साडेचौदाशे टनांच्या आसपास होते. म्हणून प्रतिकृती दीड किलोच्या आसपास भरली, तरच ती योग्य रेषेपर्यंत बुडेल. पण तिच्या वजनाच्या मानाने शिडे शंभरपट मोठी ठरतात. खऱ्या जहाजाला नुसती हलवणारी झुळूक प्रतिकृतीला आडवी पाडते. तळाशी शिसे भरूनही फारसा उपयोग होत नाही. अशी प्रतिकृती टेबलावरच ठेवावी.

खरी 'त्रिंकोमाली' मात्र आजही पाण्यावर आहे. तिने नौदलात काम केले, पुढे 'फूद्रोयाँ' या नावाने मुलांना नौकानयन शिकवणारी शाळा म्हणून ती वापरली गेली. 1987 मध्ये तिला इंग्लंडमधील हार्टलपूल येथे नेण्यात आले. तेथे तिची दुरुस्ती 2001 मध्ये पूर्ण झाली आणि जुने नावही तिला परत मिळाले. पाण्यावर तरंगणारी ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका तीच आहे. तिच्यातले पुष्कळ लाकूड अजूनही मुंबईत बसवलेलेच आहे.

प्रतिकृती पूर्ण झाली की ती काचेच्या पेटीत ठेवावी, कारण दोऱ्यांवर बसलेली धूळ नंतर निघत नाही. पेटीखाली लाकडाची पाटी लावून तिच्यावर लिहावे : त्रिंकोमाली, मुंबई, 1817.