पुरात बुडालेले इंजिन

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणाच्या विसर्गाने तापी सुरत शहरात शिरली आणि असंख्य मोटारी जलमग्न झाल्या; अशा मोटारीची किल्ली उतावीळपणे फिरवू नये, कारण पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही आणि सिलिंडरात ते उरले असता कनेक्टिंग रॉड वाकतो. मारुती 800 चे तीन सिलिंडरांचे, 796 घनसेंटिमीटरचे इंजिन घरच्या अंगणातही उलगडण्याजोगे आहे. हेड उतरवून व पिस्टन काढून, मुळात 68.5 मिलिमीटर व्यासाच्या बोअरची झीज वर, मध्ये आणि खाली मोजावी. नखाला अडणारा ओरखडा आढळल्यास केवळ नव्या रिंगांवर भागत नाही, बोअरिंग अनिवार्य ठरते. सर्वांत मोलाची खबरदारी मला ही वाटते, की प्रत्येक बेअरिंग-कॅपवर खूण करून तो आपल्याच जागी, आपल्याच दिशेने परत बसेल अशी तजवीज आधीच करावी.